जपानमधील मराठी नवागत आणि दैनंदिन समायोजनाचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठी समाजाच्या वैचारिक जीवनात जपानला शतकाहून अधिक काळ एक खास स्थान लाभले आहे. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला, तेव्हापासून आशियातील एक छोटा देश शिस्त, उद्योग आणि शिक्षण यांच्या बळावर युरोपीय सत्तेशी बरोबरी करू शकतो, हा विचार आपल्याकडे रुजला. स्वदेशीच्या काळातील वृत्तपत्रांपासून आजच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांपर्यंत जपान हा आपल्यासाठी एक धडा राहिला आहे. धडा दुरून घेता येतो. परंतु जो माणूस प्रत्यक्ष त्या देशात जाऊन राहतो, त्याच्यासमोर धड्याऐवजी दिनक्रम उभा असतो. घर भाड्याने कसे मिळवावे, कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवावा, शेजाऱ्याशी किती बोलावे, कचेरीत वरिष्ठाचा उल्लेख कसा करावा, असे ते प्रश्न असतात. जपानविषयीच्या आपल्या कौतुकात या प्रश्नांना फारशी जागा मिळालेली नाही.

प्रस्तुत निबंधात जपानला गेलेल्या मराठी माणसाच्या दैनंदिन समायोजनाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. परक्या संस्कृतीत रुळणे ही केवळ स्वभावाची किंवा चिकाटीची बाब नसते. नवागत तेथे कोणत्या नात्याने आणि कोणत्या अटींवर पोहोचतो, यावर त्याचे रुळणे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, असे या निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे. पाहुणा, विद्यार्थी, सैनिक, अभियंता आणि कामगार यांना एकच जपान वेगवेगळा भेटतो. बीड जिल्ह्याला स्थलांतराचा दीर्घ अनुभव आहे, आणि आता परदेशी रोजगाराच्या योजनाही आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचू लागल्या आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार येथील अध्यापकांनी करणे अगत्याचे वाटते.

१. पाहुण्यांचा जपान : पंडिता रमाबाई आणि महर्षी कर्वे

जपानची भूमी पाहिलेल्या आरंभीच्या मराठी व्यक्तींमध्ये पंडिता रमाबाईंचा उल्लेख करावा लागतो. अमेरिकेतील वास्तव्य संपवून त्या १८८८ च्या अखेरीस सॅनफ्रान्सिस्कोहून निघाल्या आणि जपानमार्गे १ फेब्रुवारी १८८९ रोजी मुंबईस पोहोचल्या. जपानमधील मुक्कामात त्यांनी व्याख्यानेही दिली. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, ११ मार्च १८८९ रोजी, त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. रमाबाई तेथे पाहुण्या म्हणून गेल्या होत्या. त्यांना तेथे घर मांडायचे नव्हते, बोलायचे होते, पाहायचे होते आणि पुढे जायचे होते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जपानशी संबंध प्रथम एका पुस्तिकेद्वारे आला. टोकियोत १९०१ मध्ये नारुसे जिन्झो यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले होते. त्याची माहिती देणारी पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली आणि १९१५ च्या सामाजिक परिषदेतील अध्यक्षीय भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये ती प्रत्यक्षात आली. उच्च शिक्षण स्वभाषेत देता येते, हा विचार कर्व्यांच्या योजनेच्या केंद्रस्थानी होता आणि त्याला जपानच्या उदाहरणाने बळ मिळाले. पुढे १९२९-३० च्या जगप्रवासात त्यांनी टोकियोतील ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले आणि एप्रिल १९३० मध्ये ते मायदेशी परतले.

येथे एक विरोधाभास नोंदवला पाहिजे. जपानी समाजाने आपला सर्व व्यवहार स्वभाषेत चालवला, हे कर्व्यांना आदर्शवत वाटले. नंतरच्या काळात जपानमध्ये राहायला गेलेल्या मराठी माणसासमोर पहिली भिंत उभी राहिली, ती याच गुणाची. बँकेतील अर्ज, दवाखान्यातील माहितीपत्रक, मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी हे सारे जपानीत असते. पाहुण्याला या भिंतीचे कौतुक करता येते, रहिवाशाला तिच्यात दार शोधावे लागते.

२. हैदराबाद संस्थान, बीड आणि जपानचा धडा

त्या काळी बीड जिल्हा हैदराबादच्या निजामी राज्यात होता. पुण्या-मुंबईच्या विचारविश्वापासून तो राजकीय सीमेने तुटलेला होता, तरी जपानचा धडा या राज्यातही पोहोचला होता. संस्थानचे शिक्षण संचालक सय्यद रॉस मसूद यांनी १९२२ मध्ये जपानला भेट देऊन तेथील शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि १९२३ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. जपानने आधुनिक ज्ञान स्वतःच्या भाषेत आणले, हाच त्यांच्याही कौतुकाचा विषय होता. उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ त्यापूर्वीच, १९१८ मध्ये, स्थापन झाले होते. जपानच्या दाखल्याने त्या धोरणाला समर्थन मिळाले.

एकाच धड्याचे हे दोन परिणाम लक्षणीय आहेत. पुण्यात जपानच्या उदाहरणावरून मराठी मुलीला तिच्या भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मार्ग निघाला. हैदराबाद राज्यात मात्र स्वभाषा म्हणजे राज्यकर्त्यांची उर्दू असा अर्थ झाला आणि बीड, अंबाजोगाई, माजलगाव येथील मराठी मुलाला माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी दुसऱ्या भाषेत शिरावे लागले. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेसारख्या राष्ट्रीय शिक्षणाच्या केंद्रांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते. स्वामी रामानंद तीर्थ यांनी १९३० च्या दशकात तेथे कार्य केले. आपल्याच गावात राहून दुसऱ्या भाषेच्या व्यवहारात नवागत होण्याचा अनुभव मराठवाड्याच्या जुन्या पिढ्यांनी १९४८ च्या मुक्तीपर्यंत घेतला आहे. भाषा हे समायोजनाचे मूळ आहे, हे या प्रदेशाला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

३. विद्यार्थी आणि सैनिक

स्वदेशीच्या चळवळीत जपानला जाण्याचा उद्देश बदलला. १९०४ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या एका संस्थेने तंत्रशिक्षणासाठी भारतीय विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्यास आरंभ केला आणि त्यांतील अनेकांनी जपान गाठला. महाराष्ट्रात पैसा फंडाच्या वतीने १९०८ च्या सुमारास तळेगावला काच कारखाना निघाला. त्याची तांत्रिक धुरा सांभाळणारे अलीगढचे ईश्वरदास वार्ष्णेय यांनी परदेशातील शिक्षणाचा आरंभ जपानमध्येच केला होता. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हेही प्रथम जपानला गेले आणि तेथून अमेरिकेस रवाना झाले. पुढे ते गदर चळवळीत व नंतर मेक्सिकोतील कृषिसंशोधनात प्रसिद्धीस आले. या तरुणांना कसब शिकून परतायचे होते किंवा पुढे जायचे होते. जपान हा त्यांच्या प्रवासातील एक टप्पा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर मराठी माणूस जपानमध्ये एका अगदी वेगळ्या नात्याने गेला. १९४६ मध्ये ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या ताबा फौजेत भारतीय सैन्य होते. ब्रिगेडियर थिमय्या यांच्या २६८ व्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीचा समावेश होता. भारतीय दलाचे मुख्यालय ओकायामा येथे होते. हे शहर २९ जून १९४५ च्या बाँबफेकीत उद्ध्वस्त झालेले होते. ताबा फौजेतील सैनिकांनी जपानी कुटुंबात मिसळू नये, त्यांच्या घरी जाऊ नये, असे कडक नियम होते. स्वतःची छावणी, स्वतःचा भटारखाना, स्वतःची भाषा अशा वेढ्यात राहणाऱ्या या सैनिकाला जपानशी जुळवून घेण्याची ना गरज होती ना मुभा. १९४७ मध्ये हे दल परतले. समायोजन घडण्यासाठी दोन्ही बाजूंना एकमेकांच्या उंबरठ्यापर्यंत येण्याची मोकळीक लागते, ती येथे नव्हती. याच ओकायामा शहराच्या स्नेहातून पुण्यात सिंहगड रस्त्यावर जपानी पद्धतीची बाग उभी राहिली आणि ती २००६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या नावाने खुली झाली. त्याच शहराशी साठ वर्षांनंतर जुळलेला हा संबंध बरोबरीच्या नात्याचा आहे.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ (१९६३) या प्रवासवर्णनाने मराठी वाचकाला जपान आपुलकीने दाखवला. तरी प्रवासी आणि रहिवासी यांत फरक राहतोच. प्रवाशाला चूक माफ असते. रहिवाशाची तीच चूक दुसऱ्यांदा झाली, की शेजारी गप्प होतो.

४. २००० नंतरचा रहिवासी : निशिकासाईचा अनुभव

जपानमध्ये मराठी कुटुंबांची लक्षणीय वस्ती झाली ती संगणक क्षेत्रामुळे. २००० या वर्षाच्या संक्रमणासाठी संगणक प्रणाली दुरुस्त करण्याची निकड आणि ऑगस्ट २००० मधील पंतप्रधान मोरी यांच्या भारतभेटीनंतर अभियंत्यांसाठी सुलभ झालेले प्रवेशपरवाने यांमुळे भारतीय अभियंते मोठ्या संख्येने टोकियोत आले. २००० साली जपानमधील भारतीयांची संख्या सुमारे दहा हजार होती, २०२४ अखेर ती पन्नास हजारांवर गेली. त्यांच्यापैकी अनेकांनी टोकियोच्या पूर्वेकडील एदोगावा प्रभागातील निशिकासाई हा परिसर निवडला.

या निवडीमागची कारणे दैनंदिन जीवनाच्या इतिहासाच्या दृष्टीने बोलकी आहेत. तेथून भुयारी रेल्वेने आर्थिक कचेऱ्यांच्या भागात थेट जाता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेच्या मोठ्या वसाहती आहेत. जपानमध्ये खासगी घर भाड्याने घेताना जामीनदार लागतो आणि घरमालकाला परत न मिळणारी एक रक्कम देण्याची प्रथा आहे. परक्या माणसाला नकारही मिळतो. सार्वजनिक वसाहतींत जामीनदार व ती रक्कम या दोन्ही अटी नाहीत. म्हणजे भारतीय एकत्र राहिले ते केवळ आपसांतील ओढीमुळे नव्हे. दार जेथे उघडे होते, तेथे ते गेले. पुढे २००४ व २००६ मध्ये टोकियोत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा सुरू झाल्या, किराण्याची दुकाने आली, गणेशोत्सव व दिवाळी साजरी होऊ लागली. मराठी मंडळाच्या रूपाने भाषेचाही एक कोपरा तयार झाला.

या सोयींनी रुळणे सोपे केले आणि काही अंशी लांबणीवरही टाकले. ज्याची कचेरी इंग्रजीत, मुलांची शाळा इंग्रजीत आणि शेजार भारतीय, तो दहा वर्षे राहूनही नवागत राहू शकतो. याच्या उलट दिशेचे उदाहरण योगेंद्र पुराणिक यांचे आहे. महाराष्ट्रातून १९९७ मध्ये विद्यार्थी म्हणून ते प्रथम जपानला गेले, २००१ पासून तेथे नोकरी केली, २०१२ मध्ये जपानी नागरिकत्व घेतले आणि एप्रिल २०१९ मध्ये एदोगावा प्रभागाच्या विधिमंडळावर निवडून आले. पुढे इबाराकी प्रांतातील एका सार्वजनिक शाळेचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. त्यांच्या वाटचालीचा पाया भाषा हा होता. पुण्यात १९७० च्या दशकापासून वाढत गेलेल्या जपानी भाषाशिक्षणाचे सामाजिक मूल्य अशा उदाहरणांतून दिसते.

५. दिनक्रमाची भाषा : जवळचे आणि दूरचे

मराठी माणसाला जपानमध्ये काही गोष्टी अनपेक्षितपणे ओळखीच्या वाटतात. घरात शिरताना पादत्राणे बाहेर काढणे, जमिनीवर बसून जेवणे, वडीलधाऱ्यांसमोर वाकणे हे त्याला नवे नाही. भाषेची घडणही जवळची आहे. ‘मी शाळेला जातो’ या वाक्यातील शब्दक्रम आणि ‘वाताशी वा गाक्को नि इकिमासु’ या वाक्यातील शब्दक्रम एकच आहे. ‘ला’ हा प्रत्यय जसा नामानंतर येतो, तसाच ‘नि’ही येतो. जपानी अक्षरमालेतील आ, इ, उ, ए, ओ आणि पुढे का, सा, ता, ना हा क्रम बौद्ध भिक्षूंनी अभ्यासलेल्या सिद्धम् लिपीच्या, म्हणजेच आपल्या वर्णमालेच्या, परंपरेतून आला आहे. बाराखडी शिकलेल्या विद्यार्थ्याला ही मोठी शिदोरी आहे. लिपीची खरी चढण पुढे आहे. २०१० च्या अधिकृत यादीप्रमाणे सर्वसामान्य वाचनासाठी २१३६ चित्राक्षरे अपेक्षित आहेत.

अडचण बहुधा जेथे साम्य वाटते तेथेच येते. आदरार्थी बोलण्याचे उदाहरण पाहू. आपल्याकडे बाहेरच्या माणसाशी बोलताना ‘आमचे साहेब बाहेर गेले आहेत’ असे अनेकवचनी म्हणणे हा संस्कार आहे. जपानी कचेरीत मात्र बाहेरच्या व्यक्तीसमोर स्वतःच्या साहेबांचा उल्लेख आदरार्थी ‘सान’ न लावता, नम्र क्रियापदाने करावा लागतो, कारण त्या क्षणी साहेब हे आपल्या बाजूचे आणि समोरचा माणूस मान देण्याचा असतो. आदर दोन्हीकडे आहे, पण त्याचा केंद्रबिंदू वेगळा आहे. आपल्याकडे तो व्यक्तीच्या वयाला आणि पदाला चिकटलेला असतो, तेथे तो ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ या रेषेप्रमाणे सरकतो. चांगल्या संस्कारांचा मराठी तरुण येथे संस्कारांमुळेच चुकतो.

आहाराचेही तसेच आहे. वारकरी परंपरेतील माळकरी मनुष्य तेथील सूप भाजीचे समजून घेईल, पण त्याचा आधार वाळवलेल्या माशाचा अर्क असण्याची शक्यता बरीच असते. सामायिक स्नानगृहात पाण्याच्या हौदात उतरण्यापूर्वी अंग बाहेरच स्वच्छ धुवावे लागते, कारण तेच पाणी पुढच्या माणसाला वापरायचे असते. कचऱ्याचे जळणारा, न जळणारा आणि पुनर्वापराचा असे भाग करून प्रत्येक भाग ठरलेल्या दिवशी सकाळी ठरलेल्या जागी ठेवावा लागतो. नव्या घरी आल्यावर शेजाऱ्यांना छोटी भेटवस्तू देऊन ओळख करून द्यावी, ही तेथील जुनी रीत आहे. या प्रत्येक नियमामागे आपली अडचण दुसऱ्यावर पडू नये, हे एकच तत्त्व आहे. नियम पाठ करणाऱ्याला ते जाचक वाटतात. तत्त्व समजलेल्याला नवा नियमही अंदाजाने ओळखता येतो. भूकंपाच्या सरावांनाही हेच लागू आहे. १९२३ च्या कांतो भूकंपाच्या स्मरणार्थ दरवर्षी १ सप्टेंबरला तेथे आपत्तिनिवारणाचे सराव होतात आणि त्यात नवागत शेजाऱ्यांच्या बरोबरीने उभा राहतो. १९९३ चा किल्लारी भूकंप अनुभवलेल्या मराठवाड्याने ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

६. बीडचे स्थलांतर आणि नव्या वाटा

आता या प्रश्नाचा बीड जिल्ह्याशी असलेला संबंध पाहू. जिल्ह्यातील लाखो कुटुंबांसाठी परगावी राहणे ही अपवादात्मक घटना नाही. पावसाळा संपला, की ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतलेली असते आणि ती हंगामभर अंगमेहनतीने फेडावी लागते. फिटली नाही, तर पुढच्या हंगामावर जाते. कोपीत राहणारा हा मजूर वर्षानुवर्षे त्याच कारखान्यावर जाऊनही तेथील गावाचा रहिवासी होत नाही. याचे कारण त्याच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे ठरेल. तो उचलीच्या अटीवर आलेला असतो, हे खरे कारण आहे.

जपानमध्ये १९९३ पासून चाललेल्या तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेचा इतिहास या संदर्भात वाचण्याजोगा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारताने तिच्यासाठी जपानशी सहकार्याचा करार केला. कसब हस्तांतर हा तिचा घोषित हेतू होता, परंतु व्यवहारात ती मजूरटंचाई भरून काढण्याचे साधन बनली. प्रशिक्षणार्थ्याला मालक बदलण्याची मुभा जवळजवळ नव्हती. विविध देशांतून आलेल्या प्रशिक्षणार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण कर्ज काढून आले होते, असे जपान सरकारच्याच २०२२ मधील पाहणीत आढळले. कर्ज डोक्यावर, मालक बदलता येत नाही आणि भाषा अपुरी, अशा स्थितीत कामाच्या जागेवरून पळून जाणाऱ्यांची संख्याही मोठी राहिली. टीका वाढल्यावर जून २०२४ मध्ये जपानने ही योजना रद्द करून ठरावीक मुदतीनंतर मालक बदलण्याची मुभा देणारी नवी व्यवस्था आणण्याचा कायदा केला. २०२७ पासून ती अमलात आणण्याचे ठरले.

उचल आणि परदेशी जाण्याचे कर्ज या दोन्ही गोष्टी एकसारख्या आहेत असे म्हणता येणार नाही. वेतन, कायदा आणि राहणीमान यांत मोठे अंतर आहे. परंतु निघण्यापूर्वीचे कर्ज माणसाचे रुळणे कसे रोखते, हे समजून घेण्यासाठी बीडच्या वाचकाला दुसऱ्या उदाहरणाची गरज नाही. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या विशिष्ट कौशल्यधारक परवान्यासाठी भारताने जानेवारी २०२१ मध्ये जपानशी करार केला. त्यात भाषेची व कौशल्याची परीक्षा आवश्यक आहे, आणि त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो. ऑगस्ट २०२५ च्या भारत-जपान कृती आराखड्यात पाच वर्षांत पन्नास हजार कुशल भारतीय जपानला जावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. या संख्येत ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थीही असू शकतील. त्यांच्या हाती काय देऊन आपण त्यांना पाठवणार, हा आज आपल्यापुढील प्रश्न आहे.

निष्कर्ष

१. जपानमधील मराठी नवागताचा इतिहास हा पाहुणा, विद्यार्थी, सैनिक, अभियंता आणि कामगार अशा भिन्न नात्यांचा इतिहास आहे. प्रत्येक नात्याने समायोजनाची शक्यता आणि मर्यादा आधीच ठरवून दिली.

२. जपानने स्वभाषेला दिलेले स्थान आपण धडा म्हणून गौरवले. रहिवाशासाठी तेच पहिले आव्हान ठरते. त्यामुळे भाषाशिक्षण हाच समायोजनाचा पाया आहे.

३. रीतिरिवाजांची यादी पाठ करण्यापेक्षा त्यांमागचे तत्त्व समजणे अधिक उपयोगी असते. मराठी व जपानी जीवनातील साम्ये मदत करतात, तशीच ती फसवतातही.

४. कर्जबाजारी स्थितीत केलेले स्थलांतर माणसाला रहिवासी होऊ देत नाही. ऊसतोड मजुरांचा अनुभव आणि जपानमधील प्रशिक्षणार्थी योजनेचा अनुभव या बाबतीत एकच साक्ष देतात.

समारोप

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला आपण सहसा कष्ट करण्याचा आणि नाव काढण्याचा उपदेश करतो. बीडच्या मुलामुलींना कष्टांचा उपदेश करण्याची गरज नाही. कष्ट त्यांनी घरातच पाहिलेले आहेत. त्यांना गरज आहे ती निघण्यापूर्वी करारपत्र वाचता येण्याची, कोणत्या दलालाला एक रुपयाही देऊ नये हे कळण्याची आणि निदान प्राथमिक जपानी भाषेची. कर्व्यांनी एका पुस्तिकेवरून विद्यापीठ उभारले. आपल्या महाविद्यालयांना त्यामानाने फारच लहान काम करायचे आहे. भाषेचा एक वर्ग, कराराचा अर्थ समजावून सांगणारा एक अध्यापक आणि जाऊन आलेल्यांच्या अनुभवांची एक नोंदवही एवढ्याने आरंभ करता येईल. अशी नोंदवही आज ठेवली, तर उद्याच्या इतिहासकाराला बीडमधून जपानला गेलेल्या पिढीविषयी लिहिताना केवळ करारांच्या तारखांवर विसंबावे लागणार नाही.